‘ब्लॅक टाय’चें आमंत्रण



गेल्या श्रावणांतली गोष्ट. सोमवारीं संध्याकाळीं धारेश्वराचें दर्शन घेऊन घरीं परतलों, तों ओट्यावर माझा एक जुना विद्यार्थी आणि त्याचे वडील माझी वाट पाहात बसलेले दिसले. मुलगा आमच्या धायरीचाच. चौथीपर्यंत तो माझ्या हाताखालीं शिकला, पुढें अभियंता झाला, आणि आतां अधिक शिक्षणासाठीं इंग्लंडांत जाण्याच्या तयारींत होता. त्याच्या हातांत तिकडील महाविद्यालयाकडून आलेलें एक पत्र होतें. नव्यानें दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठीं ऑक्टोबर महिन्यांत रात्रीचें भोजन ठेविलें होतें. स्थळ, वेळ वगैरे मजकूर संपल्यावर पत्राच्या तळाशीं दोनच शब्द होते : ‘ब्लॅक टाय’.

मुलानें त्या शब्दांचा सरळ अर्थ घेतला होता आणि बाजारांतून एक लांब काळा टाय विकत आणिला होता. वडिलांची चिंता निराळी होती. ते म्हणाले, “गुरुजी, शहरांतल्या दुकानांत चौकशी केली. सगळा पोशाख मिळून पंचेचाळीस हजार सांगतात. तिकिटांतच हात रिकामा झाला आहे. पण पोराला तिकडे कोणीं हसूं नये. हिच्या पाटल्या आहेत, त्या मोडूं म्हणतों. तुम्ही काय म्हणतां?”

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शाळेचा मास्तर. विलायती मेजवान्यांचा मला अनुभव नाहीं. तथापि हा प्रश्न ऐकतांच मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. तीसएक वर्षांपूर्वी एका संस्थेनें कांहीं शिक्षकांचा सत्कार करण्याचें योजिलें होतें आणि त्यानिमित्त पुण्यांतील एका मोठ्या हॉटेलांत रात्रीचें भोजन ठेविलें होतें. आमंत्रणपत्रिकेवर पोशाखासंबंधीं इंग्रजींत एक ओळ होती. तिचा अर्थ मला कळला नाहीं, आणि कोणास विचारावें तर आपलें अज्ञान उघडें पडेल, अशी लाज वाटली. पांढरा पायजमा, सदरा आणि पायांत कोल्हापुरी वहाणा अशा थाटांत मी तेथें पोंचलों. कांचेच्या दारापलीकडे काळ्या कोटांची रांग दिसली. मला कोणीं अडविलें नाहीं, कीं कोणीं कांहीं विचारलें नाहीं. तरी मी दारांतूनच परत फिरलों. सत्कार व्हावयाच्या शिक्षकांत माझें नांव होतें. घरीं आल्यावर पत्नीनें विचारलें, “जेवण कसें होतें?” मीं “उत्तम” म्हणून सांगितलें आणि उपाशीच निजलों.

त्या रात्रीं मला पोशाखाची माहिती नव्हती, आणि ती विचारण्याचें धैर्यही नव्हतें. कोट नसल्याचें दुःख पुढें राहिलें नाहीं. न विचारल्याचें राहिलें. म्हणून या मुलाचा प्रश्न मीं मनावर घेतला. पुस्तकें पाहिलीं, जाणत्यांना विचारलें, दोन शिंप्यांच्या दुकानांत बसून आलों. त्या उद्योगांतून जें हातीं लागलें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे. आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी केव्हां ना केव्हां अशा आमंत्रणापुढें उभी राहील, तेव्हां तें उपयोगीं पडेल.

प्रथम त्या दोन शब्दांचा अर्थ पाहूं. ‘ब्लॅक टाय’ हें एका वस्तूचें नांव नसून संपूर्ण पोशाखाचें नांव आहे. आपण ‘पगडी-उपरणें’ असें म्हटलें म्हणजे ऐकणारा धोतर आणि अंगरखा मनांत धरतोच. तसाच हा प्रकार. संध्याकाळीं सहानंतरच्या मेजवानीस योग्य असा काळा कोट, काळी विजार, पांढरा शर्ट आणि गळ्याशीं फुलपांखरासारखी बांधलेली काळी रेशमी गांठ, जिला बो टाय म्हणतात, एवढें सर्व त्या दोन शब्दांत येतें. माझ्या विद्यार्थ्यानें आणलेला लांब टाय या पोशाखांत बसत नाहीं. तो दिवसाच्या कामकाजाच्या सुटाचा सोबती आहे.

आमंत्रणावर दुसरेही शब्द आढळतात आणि त्यांची गल्लत होऊं देऊं नये. ‘व्हाइट टाय’ असेल तर तो याहून वरच्या पायरीचा पोशाख होय. त्यांत मागें शेपट्या असलेला लांब कोट, पांढरी बंडी आणि पांढरा बो टाय असतो. ‘लाउंज सूट’ म्हणजे नेहमींचा सूट आणि लांब टाय. ‘ब्लॅक टाय ऑप्शनल’ असें असेल तर काळा किंवा गडद निळा साधा सूट चालतो. आणि ‘नॅशनल ड्रेस’ हे शब्द जोडलेले असतील, तर आपल्या देशाचा औपचारिक पोशाख घालून यावें, असें यजमान आपण होऊनच सांगत असतो.

आतां या पोशाखाची घडण पाहूं. कोटाला इंग्लंडांत डिनर जॅकेट म्हणतात आणि अमेरिकेंत टक्सीडो. रंग काळा किंवा मध्यरात्रीच्या आकाशासारखा गडद निळा. दिव्यांच्या उजेडांत काळें कापड कधीं कधीं किंचित् हिरवट दिसतें, आणि हा गडद निळा रंग उलट अधिक काळा भासतो. म्हणून जाणते लोक तोही पसंत करतात. कोटाच्या उलटलेल्या पट्टीवर रेशमी कापड चढविलेलें असतें, आणि साध्या सुटापासून हा कोट वेगळा ओळखण्याची मुख्य खूण तीच. पुढें बहुधा एकच बटण. विजारीच्या बाहेरच्या शिवणीवरून वरपासून खालपर्यंत रेशमी फीत गेलेली असते. तिच्या पायांच्या टोकांशीं दुमड नसते आणि तिला चामड्याचा पट्टाही लावीत नाहींत. शर्ट पांढरा, त्याच्या छातीवर बारीक चुण्या किंवा जाड विणीचें कापड. बाह्यांच्या टोकांना दुमडलेले कफ आणि त्यांत कफलिंक. बूट काळे, बंदांचे आणि आरशासारखे पुसलेले. मोजे काळे आणि पोटरीपर्यंत लांब. कारण पायावर पाय टाकून बसलें असतां मधली कातडी दिसणें हें या पोशाखांतील मोठें न्यून समजलें जातें.

बो टाय दोन प्रकारचा मिळतो. एक बांधलेलाच, मागें आकडा लावण्याचा. दुसरा सुटा, स्वतः बांधावयाचा. रसिक लोक दुसऱ्यास मान देतात. ती गांठ फार कठीण आहे असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः बुटाच्या बंदाची जी गांठ आपण सहा वर्षांच्या मुलाला शिकवितों, तीच ही गांठ. मांडीभोवती बांधून चार दिवस सराव करावा, म्हणजे गळ्याशीं जमते. ती जराशी वाकडी झाली तरी हरकत नाहीं. हातानें बांधल्याची ती खूणच होय.

कोटाच्या आंत कमरेशीं दोहोंपैकीं एक गोष्ट असावी लागते : खोल गळ्याची काळी बंडी किंवा चुण्यांचा रुंद रेशमी पट्टा. चुण्यांचीं तोंडें वर ठेवावयाचीं. या पट्ट्याला इंग्रजींत जो शब्द आहे तो आपल्या ‘कमरबंद’ या शब्दाचेंच रूप आहे. हिंदुस्थानांतील उकाड्यांत जाड बंडी सोसवेना, तेव्हां एकोणिसाव्या शतकांत येथील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं आपल्या लोकांच्या कमरेचा शेला पाहून तो मेजवानीच्या पोशाखांत घेतला, आणि तो येथून इंग्लंडांत गेला. मराठेशाहींतील जुन्या चित्रांत सरदारांच्या कमरेला बांधलेला शेला आपण पाहतों, त्याचाच हा दूरचा भाऊबंद. ज्या पोशाखाला आपण इतकें बिचकतों, त्याच्या ऐन मध्यभागीं आपलीच वस्तु बसलेली आहे, हें ऐकून माझ्या विद्यार्थ्याला हसूं आलें. आणि त्याची निम्मी भीति तेथेंच गेली असें मला वाटतें.

या कोटाचा इतिहासही मनोरंजक आहे. आज तो भारी औपचारिक समजला जात असला, तरी त्याचा जन्म सैलपणासाठीं झाला. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध रस्त्यावरील हेन्री पूल यांच्या पेढीनें १८६५ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या वडील मुलासाठीं, म्हणजे पुढें सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्रासाठीं, घरगुती जेवणाकरितां एक आंखूड कोट शिवला, असें सांगतात. शेपट्यांचा लांब कोट रोज रात्रीं घालून त्याला कंटाळा आला होता. पुढें १८८६ च्या सुमारास अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क येथील श्रीमंत मंडळींत हा आंखूड कोट रूढ झाला आणि त्याला त्या गांवाचें नांव चिकटलें. तेव्हां हा नियम कांहीं आकाशांतून पडलेला नाहीं. एका पिढीचा घरगुती कपडा दुसऱ्या पिढीचा दरबारी पोशाख झाला, इतकेंच. मग नियम तरी कशासाठीं, असें कोणी विचारील. मला असें वाटतें कीं, सर्व पुरुष एकसारख्या काळ्या पोशाखांत आले म्हणजे कोण किती धनवान् हें कपड्यावरून चटकन कळत नाहीं, आणि यजमानाच्या समारंभाला एक सारखेपणा येतो. पंढरीच्या वारींत पांढरी टोपी आणि पांढरें धोतर ज्या भावनेनें शोभतें, तिचाच थोडासा अंश येथें आहे. पोशाखाचा नियम पाळणें म्हणजे यजमानाचा मान राखणें.

परंतु यजमानाचा मान राखण्यासाठीं परक्याचाच कोट घातला पाहिजे काय? येथें मुख्य मुद्दा येतो. या नियमाला जोडूनच एक जुनी सभ्य सवलत आहे : पाहुण्यानें आपल्या देशाचा औपचारिक पोशाख घातला तर तो बरोबरीचा मानला जातो. स्कॉटलंडचे लोक अशा मेजवानीला त्यांचा चौकड्यांचा किल्ट नेसून जातात आणि त्यांना कोणी नांव ठेवीत नाहीं.

स्टॉकहोम येथील नोबेल पारितोषिकाचा समारंभ घ्या. तेथें दर वर्षीं १० डिसेंबरला स्वीडनच्या राजाच्या हस्ते पारितोषिकें दिलीं जातात, आणि पुरुषांसाठीं नियम ‘व्हाइट टाय’चा, म्हणजे ब्लॅक टायहूनही कडक. पण त्याच नियमांत राष्ट्रीय पोशाखाची मुभा आहे. २०१९ सालीं अर्थशास्त्राचें पारितोषिक घेण्यास अभिजित विनायक बॅनर्जी उभे राहिले तेव्हां त्यांच्या अंगांत काळा बंद गळ्याचा कोट होता आणि खालीं धोतर. त्यांच्याबरोबर पारितोषिक मिळविणाऱ्या त्यांच्या पत्नी एस्थर डुफ्लो या जन्मानें फ्रेंच. त्या साडी नेसून आल्या होत्या. अभिजितबाबूंचा जन्म १९६१ सालीं मुंबईचा, आणि त्यांच्या मातोश्री निर्मला बॅनर्जी या स्वतः अर्थशास्त्रज्ञ, माहेरच्या पाटणकर. म्हणजे त्या राजसभेंतील त्या धोतराशीं आपलेंही थोडें आजोळचें नातें आहे.

स्त्रियांच्या बाबतींत तर हा दाखला आपल्याकडे याहून पुष्कळ जुना आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठीं १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या आणि १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडल्या. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं तेथील प्रमुखांनीं दिलेल्या स्वागतसमारंभाच्या वेळीं काढलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत तीन विद्यार्थिनी शेजारीं शेजारीं आहेत : जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई. तिघींच्याही अंगावर आपापल्या देशाचा पोशाख आहे. आनंदीबाई साडींत आहेत. वीस वर्षांची ती मुलगी घरापासून हजारों मैल दूर होती. तिच्या चेहऱ्यावर संकोच दिसत नाहीं.

तेव्हां मुलींसाठीं सांगणें सोपें आहे. ब्लॅक टायच्या समारंभास परदेशी स्त्रिया पायघोळ झगा घालतात. आपली साडी त्या तोडीचीच आहे आणि सर्वत्र तशी मानली जाते. पैठणी, इरकल, नारायणपेठ, चंदेरी, घरांत जी असेल ती चालेल; नऊवारी नेसण्याची सवय असेल तर तीही शोभेल. एकच पथ्य सांगतों. कांठपदर भारी असेल तर दागिने थोडे असावे, आणि दागिने भारी असतील तर साडी साधी असावी. लग्नांतली सगळी पेटी एकाच वेळीं अंगावर चढवूं नये. त्या रात्रीं ज्या चपला घालावयाच्या त्याच पायांत घालून आधीं साडी नेसून पाहावी, म्हणजे निऱ्यांची उंची नेमकी बसते आणि जिन्यावर पाय अडकत नाहीं. थंड देशांत एक चांगली शाल जवळ असावी.

पुरुषांसाठीं आपल्याकडचा बरोबरीचा पोशाख म्हणजे काळा बंद गळ्याचा कोट, ज्याला कोणी जोधपुरी म्हणतात. आपल्या सरकारी आणि राजदूतांच्या समारंभांतून तो अनेक वर्षें रूढ आहे. धायरीहून खडकवासला जवळच. तेथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला १९४९ सालीं बसली, आणि पंचक्रोशींतील मुलांना सैन्यांतील अधिकाऱ्यांचे पोशाख पाहून ठाऊक आहेत. त्यांच्या समारंभाच्या पोशाखांतही बंद गळ्याचा कोट आहेच. नौदलानें तर २०२४ सालीं आपल्या भोजनगृहांत विशिष्ट पद्धतीचा कुर्ता-पायजमा आणि बिनबाह्यांचें जाकीट घालण्यासही परवानगी दिली. तेव्हां आपला औपचारिक पोशाख म्हणजे गरिबाची तडजोड, असें मानण्याचें कारण नाहीं.

मात्र तो कोट नीट शिवलेला असला पाहिजे. कापड लोकरीचें, काळें आणि बिनचकाकीचें घ्यावें. लग्नांतल्या शेरवानीची जर आणि चमकी येथें नको. बटणें साधीं, काळीं किंवा कापडानें मढविलेलीं. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच थांबावी, खालीं ओघळूं नये. बटण लावल्यावर गळपट्टींत एक बोट सहज फिरावें. दोन फिरलीं तर गळा सैल, एकही शिरलें नाहीं तर जेवतांना जीव घाबरा होतो. आंत पांढरा शर्ट घालावा, आणि त्याची पाव इंच कडा गळ्याशीं व मनगटाशीं दिसावी. त्या पांढऱ्या रेघेनें काळा कोट उजळतो. विजार त्याच कापडाची. शिंप्याला कच्ची शिलाई करून एकदां अंगावर घालून पाहण्यास सांगावें, आणि त्या वेळीं आरशापुढें नुसतें उभें न राहतां खुर्चींत बसून, हात पुढें करून, घास घेतल्यासारखें करून पाहावें. पुष्कळ कोट उभ्या माणसासाठीं शिवलेले असतात, आणि मेजवानी तर बसून खावयाची असते.

आतां एक सूचना, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपला पोशाख चालेल कीं नाहीं, हें गृहीत धरूं नये; यजमानाला विचारावें. प्रत्येक दार सारखें उदार नसतें. २०१४ सालीं मद्रास उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ति धोतर नेसून चेन्नईच्या एका क्लबांत समारंभाला गेले असतां त्यांना प्रवेश नाकारण्यांत आला. त्यावरून एवढा क्षोभ झाला कीं, त्याच वर्षीं तामिळनाडूच्या विधिमंडळानें धोतर किंवा दुसरा भारतीय पोशाख घातला म्हणून कोणास क्लबांत वा सार्वजनिक जागीं मज्जाव करतां येणार नाहीं, असा कायदा केला. कायदा झाला हें उत्तम झालें. पण परदेशांत शिकावयास गेलेल्या मुलाला जेवणाच्या वेळीं दारांत वाद घालावयाचा नसतो. दोन ओळींचें पत्र आधीं पाठविलें कीं काम भागतें. विचारणें हें अडाणीपणाचें लक्षण नाहीं. उलट, यजमानाला तो आपला सन्मान वाटतो.

आणि कोणास तो विलायती कोटच घालण्याची हौस असेल, तर त्यालाही माझी ना नाहीं. फक्त कर्ज काढूं नये. पुण्या-मुंबईच्या दुकानांतून आणि इंग्लंडांतील विद्यापीठांच्या गांवांतूनही असे पोशाख एका रात्रीसाठीं भाड्यानें मिळतात. वापरलेले, पण सुस्थितींतील कोटही थोडक्यांत मिळतात. भाड्याचा कोट आणल्यावर बाहीची आणि विजारीची लांबी मात्र पाहून घ्यावी. अंगावर नीट बसलेला भाड्याचा कोट, ढगळ बसलेल्या पंचेचाळीस हजारांच्या कोटापेक्षां केव्हांही बरा दिसतो.

येथें कोणी म्हणेल, “गुरुजी, महात्मा फुल्यांची गोष्ट विसरलांत काय?” विसरलों नाहीं. २ मार्च १८८८ रोजीं पुण्यांत हरि रावजी चिपळूणकर यांनीं व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. निमंत्रित मंडळी दागदागिने आणि भरजरी वस्त्रें लेवून आली होती. जोतीराव तेथें शेतकऱ्याच्या साध्या वेषांत गेले, आणि भाषण करून त्यांनीं ड्यूकसाहेबांना बजावलें कीं, येथें जमलेल्या श्रीमंतांवरून या देशाची कल्पना करूं नये. खरा देश खेड्यापाड्यांतील दरिद्री रयतेचा आहे, आणि तिच्या शिक्षणाची काळजी घ्यावी असें त्यांनीं राणीच्या कानीं घालावें.

ही गोष्ट मी मुलांना वर्गांत पुष्कळदां सांगत असें. पण तिचें मर्म मला उशिरा कळलें. जोतीराव पोशाखाचा नियम ठाऊक नसल्यामुळें तसे गेले नाहींत. ते पुण्यांतले प्रतिष्ठित गृहस्थ, नगरपालिकेचे माजी सभासद. चांगला अंगरखा आणि पागोटें त्यांच्याजवळ नव्हतें असें नाहीं. आपण कोणाच्या वतीनें उभे आहोंत, हें दाखविण्यासाठीं त्यांनीं तो वेष निवडला, आणि त्या वेषांत ते आंत गेले, थांबले आणि बोलले. मीही साध्या वेषांत गेलों होतों. पण मी दारांतून पळालों. कपडा दोघांचाही साधाच होता. त्यांना आपण तो कां घातला हें ठाऊक होतें, आणि मला ठाऊक नव्हतें. तेव्हां नियम पाळा, त्याच्या तोडीचा आपला पोशाख घाला, किंवा कांहीं मोठ्या कारणासाठीं नियम मोडा. यांतलें कांहींही शोभतें, परंतु तें समजून केलेलें असावें.

शेवटीं चार किरकोळ गोष्टी. बूट नवे असतील तर आठ दिवस घरांत घालून फिरावें. पहिल्याच रात्रीं चावऱ्या बुटानें माणसाचा चेहरा बिघडतो. दूरध्वनि, किल्ल्या आणि फुगलेलें पाकीट कोटाच्या खिशांत कोंबूं नये. अत्तराचा एक थेंब पुरे. डिनर जॅकेट असेल तर बसतांना त्याचें बटण काढावें आणि उठतांना लावावें. बंद गळ्याच्या कोटाला हा व्याप नाहीं. आणि एकदां घरांतून निघालें कीं कपड्यांचा विचार सोडून द्यावा. मेजवानी कपड्यांसाठीं भरलेली नसते. शेजारीं बसलेल्या माणसाशीं चार शब्द बोलण्यासाठीं भरलेली असते.

माझ्या विद्यार्थ्यानें महाविद्यालयास पत्र लिहिलें. दुसऱ्याच दिवशीं उत्तर आलें कीं, राष्ट्रीय पोशाख अवश्य चालेल. धायरी फाट्याजवळच्या एका शिंप्यानें त्याचा काळा बंद गळ्याचा कोट आणि विजार शिवून दिली. कापड आणि शिलाई मिळून अकरा हजार रुपये पडले. कच्च्या शिलाईच्या वेळीं मी बरोबर गेलों होतों आणि त्याला खुर्चींत बसवून पाहिलें होतें. लांब काळा टाय त्यानें वडिलांना देऊन टाकला. त्याचें ते काय करणार हें मला ठाऊक नाहीं.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचें पत्र आलें. त्यांत त्यानें लिहिलें होतें, “गुरुजी, आंत पाऊल टाकतांना छाती धडधडत होती. पांच मिनिटांनीं लक्षांत आलें कीं माझ्या कपड्यांकडे कोणाचेंही लक्ष नाहीं. उजवीकडे बसलेल्या मुलानें विचारलें, तुझें गांव कसें आहे? मग मी तासभर धायरीबद्दलच बोलत होतों.”

तें पत्र मी त्याच्या घरीं वाचून दाखविण्यास गेलों. त्याच्या आईनें चहा आणून ठेविला. तिच्या हातांत पाटल्या होत्या.